ऑक्सफर्डचं अपोलो लॉज : विद्यापीठात फ्रीमेसन कसे आले?

ओळंबा

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याकडचा. गेली तीन वर्षं ऑक्सफर्डला बांधकामावर इंजिनियर आहे. साइटवर जायची माझी बस बॅनबरी रोडने समरटाउनकडे जाते. त्या रस्त्यावर ३३३ क्रमांकाला इथल्या फ्रीमेसन मंडळींचं केंद्र आहे. फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांची हत्यारं खूण म्हणून वापरणारी, शपथा आणि विधी करून सभासद घेणारी जुनी मंडळी; थोडक्यात मेसन. गुण्या आणि त्यावर उघडलेला कंपास ही त्यांची खूण तुमच्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिली असेल.

माझे वडील गवंडी. गुण्या, ओळंबा, थापी ही हत्यारं आमच्या घरात गोणपाटात गुंडाळून कोनाड्यात असायची. दसऱ्याला ती बाहेर निघायची, धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडली जायची. तीच हत्यारं इथले शिकलेसवरलेले लोक गळ्यात पदकासारखी का घालतात, हा प्रश्न डोक्यात घेऊन वाचायला लागलो आणि अपोलो युनिव्हर्सिटी लॉज, क्रमांक ३५७, यापाशी येऊन थांबलो. विद्यापीठाच्या माणसांसाठी निघालेलं हे लॉज दोनशेहून जास्त वर्षं चालू आहे. ते निघालं कसं, यावर मराठीत फारसं कुठे दिसलं नाही, म्हणून हा धागा.

आधी शब्दाचं बघू. लॉज म्हटलं की आपल्याला एसटी स्टँडसमोरची 'बोर्डिंग-लॉजिंग'ची पाटी आठवते. इथे लॉज म्हणजे माणसांची सभा. पूर्वी मोठमोठी चर्चं बांधायला पिढ्या जात. दगड घडवणारे पाथरवट कामाच्या जागी जी शेड घालत, तिथे बसून टाकी चालवत, जेवत, नव्या पोराला काम शिकवत, ती शेड म्हणजे लॉज. पुढे सतराव्या शतकात दगडाला कधी हातही न लावलेले लोक या सभांमध्ये यायला लागले. यातलं एक नाव ऑक्सफर्डमध्ये रोज कानावर पडतं. एलायस अ‍ॅश्मोल. त्याच्या नावाचं अ‍ॅश्मोलियन म्युझियम इथे १६८३ पासून आहे. आपल्याला १६ ऑक्टोबर १६४६ रोजी वॉरिंग्टन गावी फ्रीमेसन करून घेतल्याचं त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. म्हणजे ऑक्सफर्डशी या प्रकरणाचा धागा अपोलोच्या पावणेदोनशे वर्षं आधीचा आहे.

१७१७ साली लंडनमध्ये चार लॉजांनी मिळून ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांवरची मध्यवर्ती सभा, काढलं, अशी त्यांची परंपरा सांगते. १७५१ मध्ये दुसरं ग्रँड लॉज निघालं. आमचा विधी खरा जुना, तुम्ही त्यात भेसळ केलीत, असं दुसऱ्यांचं म्हणणं. आम्हा सातारकरांना हे समजायला वेळ लागत नाही. एक सातारची गादी, एक कोल्हापूरची गादी. जवळपास साठ वर्षं हे चाललं. शेवटी योग असा आला की दोन्ही गाद्यांवर राजा तिसऱ्या जॉर्जचे दोन मुलगे बसले, एकीवर ड्यूक ऑफ ससेक्स आणि दुसरीवर ड्यूक ऑफ केंट. या केंटची मुलगी म्हणजे पुढची राणी व्हिक्टोरिया. २७ डिसेंबर १८१३ रोजी दोन्ही गाद्या एक झाल्या आणि युनायटेड ग्रँड लॉज ऑफ इंग्लंड तयार झालं. भांडण मिटल्यावर कारभाराची घडी बसली आणि नवी लॉजं नीट परवाने घेऊन निघू लागली. अपोलो यातलंच.

ऑक्सफर्ड शहरात १८१४ मध्ये आल्फ्रेड नावाचं लॉज निघालं होतं. आल्फ्रेड हा जुना राजा, विद्यापीठ त्यानेच स्थापलं अशी दंतकथा इथे फार काळ चालत होती. आल्फ्रेड लॉजमध्ये शहरातले लोक होते, विद्यापीठातलेही होते. मग चारच वर्षांत, १८१८ मध्ये, विद्यापीठवाल्यांनी आपलं वेगळं लॉज मागून घेतलं. १८१९ मध्ये त्याची विधिवत प्रतिष्ठापना झाली. १८६३ मध्ये सगळ्या लॉजांना नव्याने क्रमांक लागले तेव्हा त्याच्या वाट्याला ३५७ आला.

वेगळं कशाला हवं होतं? इथे मी माझं मत सांगतो. ऑक्सफर्डमध्ये शहर आणि विद्यापीठ हे शेकडो वर्षांचे हाडवैरी. १३५५ साली १० फेब्रुवारीला एका दारूच्या गुत्त्यात वाइनच्या चवीवरून वाद झाला आणि त्याची दंगल झाली. विद्यापीठाकडचे ६३ मेले, असं परंपरा सांगते. राजाने दोष शहराच्या माथी मारला. तेव्हापासून दर वर्षी महापौर आणि ६२ नागरिकांनी चर्चमध्ये जाऊन माणशी एक पेनी दंड भरायचा. हा दंड १८२५ पर्यंत चालू होता! म्हणजे अपोलो निघालं त्या साली ऑक्सफर्डचा महापौर पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या मारामारीचं प्रायश्चित्त अजून घेत होता. लॉजमध्ये म्हणे सगळे सारखे. पण बाहेर असा सारीपाट मांडलेला असताना आत एका टेबलाशी बसणं सोपं गेलं नसणार.

दुसरं कारण वयाचं, आणि मला ते जास्त वजनाचं वाटतं. मेसन व्हायला तेव्हा २१ पूर्ण लागत. ऑक्सफर्डला मुलं यायची सतरा-अठराव्या वर्षी आणि पदवी घेऊन जायची साधारण एकविसाव्या वर्षी. नियम पाळला तर विद्यार्थी लॉजच्या दारात उभे राहीपर्यंत त्यांचा ऑक्सफर्डमधला मुक्काम संपलेला. त्यामुळे अपोलोत नाव नोंदलेल्या विद्यार्थ्याला विशेष सवलतीने लवकर घेता येत असे. विद्यापीठाचं लॉज ही गोष्ट या सवलतीवरच उभी राहिली.

लॉज काढायची रीतही सांगतो, कारण लोकांना वाटतं यात काही तरी मंतरलेलं असतं. असतं ते कागदपत्र. आधीपासून मेसन असलेल्या किमान सात जणांनी अर्ज करायचा, शेजारच्या लॉजने शिफारस द्यायची. ग्रँड लॉज सनद देतं. मग एक दिवस ठरवून धान्य, वाइन आणि तेल वाहून लॉजची प्रतिष्ठापना करतात. सनद नसेल तर सभा भरत नाही. आपल्याकडे वास्तुशांत आणि सहकारी संस्थेची नोंदणी एकाच दिवशी करावी, तसं काहीसं.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो ते. १८१५ च्या सुमारास एकत्र झालेल्या ग्रँड लॉजने आपल्या घटनेत लिहिलं की माणसाचा धर्म किंवा उपासना कोणतीही असो, तो एका परमेश्वराला मानणारा आणि सदाचारी असला की त्याला दार उघडं आहे. त्याच वेळी ऑक्सफर्ड विद्यापीठात नाव घालायला चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. ज्यू, कॅथलिक, वेगळ्या पंथाचे प्रोटेस्टंट, कोणालाच प्रवेश नाही. ही अट १८५४ मध्ये पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांपुरती उठली आणि पुढची दारं १८७१ मध्ये उघडली. म्हणजे बघा, अपोलोचं स्वतःचं दार रुंद, पण तिथे पोचायला आधी विद्यापीठाच्या अरुंद दारातून यावं लागे. छत्तीस वर्षं ते लॉज कागदावर सर्वधर्मीय आणि बाकावर एकधर्मीय होतं. १८१८ म्हटलं की आपल्याला पेशवाई बुडाली हे आठवतं. त्याच वर्षी इथे काही तरुण समतेच्या शपथा घेत होते आणि आपल्या बाकावर कोण नाही हे त्यांना कदाचित जाणवतही नव्हतं. मला हे फार लागून राहिलंय.

जाणकारांनी भर घालावी.

शेवंती

धागा आवडला. शेवटच्या परिच्छेदाशी थांबून दोनदा वाचलं.

एक शंका. ही गुप्त संस्था ना? मग १८१८ मध्ये कोण आत होतं, कोण नव्हतं हे आज इतक्या खात्रीने कसं सांगता येतं?

ओळंबा

शेवंतीताई, चांगलं विचारलंत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर इंग्लंडच्या सरकारने गुप्त मंडळ्यांचा धसका घेतला होता. १७९९ मध्ये बेकायदा मंडळ्यांविरुद्ध कायदा आला, शपथा घेणाऱ्या संस्थांवर बंदी घातली. मेसन लॉजांना त्यातून सूट मिळाली, पण अट घालून. प्रत्येक लॉजने दर वर्षी सभासदांची नावं, पत्ते आणि व्यवसाय जिल्ह्याच्या न्यायदप्तरात लिहून द्यायचे. हा कायदा १९६७ पर्यंत होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात एखाद्या क्रिकेट क्लबापेक्षा लॉजच्या सभासदांची नोंद जास्त पक्की सापडते. शिवाय प्रत्येक सभेचं इतिवृत्त लिहायची यांची शिस्त कडक. गुप्त काय, तर ओळखीच्या खुणा, शब्द आणि विधी. माणसं गुप्त नव्हती.

गिरगावकर

वा! बऱ्याच दिवसांनी या संस्थळावर असा धागा आला.

ओळंबाशेठ, तुमच्या अपोलो लॉजचा एक माणूस आम्हा मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्यात आहे. आम्ही त्याचं नाव न घेता त्याच्या घोड्याचं घेतो.

काळा घोडा. त्यावर बसलेला स्वार म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा सातवा एडवर्ड. त्याची मेसनची दीक्षा १८६८ मध्ये स्टॉकहोमला झाली, पण ऑक्सफर्डचा जुना विद्यार्थी म्हणून तो अपोलोत आला आणि १८७० च्या दशकात त्या लॉजचा मास्टरही, म्हणजे प्रमुखही, झाला. एप्रिल १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो साऱ्या इंग्लंडचा ग्रँड मास्टर झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बोटीने मुंबईत उतरला. इथे त्याच्या हस्ते गोदीचा पायाचा दगड बसवला गेला, तो मेसनांच्या पूर्ण विधीने. तीच आपली प्रिन्सेस डॉक. अशा विधीत दगड गुण्याने, लेव्हलने आणि ओळंब्याने तपासतात, 'दगड बरोबर बसला' असं जाहीर करतात आणि त्यावर धान्य, वाइन, तेल वाहतात. म्हणजे तुम्ही वर लॉजच्या प्रतिष्ठापनेचं जे वर्णन केलंत, ते मुंबईच्या धक्क्यावर भर गर्दीत झालेलं आहे.

घोड्याचा पुतळा अल्बर्ट ससूनने शहराला दिला. १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत हलवला. आज चौकात जो घोडा आहे तो २०१७ चा, त्यावर स्वार नाही.

पाणकळा

वाचनखूण साठवली.

अपोलो बंदराचा या लॉजशी संबंध आहे का हो? मी लहानपणापासून गेटवेला जाते, कधी विचारच केला नव्हता.

गिरगावकर

नाही. ते आपलं पालवा बंदर. पालव्याचं साहेबाच्या तोंडी अपोलो झालं. ग्रीक देवाचा तिथे काही संबंध नाही, लॉजचा तर नाहीच.

जुनी_पानं

वयाच्या सवलतीवर थोडी भर.

आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डचा जन्म १६ ऑक्टोबर १८५४ चा. तो मॉडलिन कॉलेजात शिकत असताना फेब्रुवारी १८७५ मध्ये अपोलोत दीक्षित झाला. वय मोजा, वीस. म्हणजे ओळंबा म्हणतात त्या सवलतीतूनच आत आलेला. त्याचे वडील विल्यम वाइल्ड डब्लिनच्या एका लॉजचे मास्टर होते, त्यामुळे घरात हे नवं नव्हतं. अपोलोचा पोशाख गुडघ्यापर्यंतची तंग विजार, रेशमी मोजे, पंप शूज आणि टेलकोट असा असे. वाइल्डला त्याची भुरळ पडली होती, असं त्याच्या बरोबरच्यांनी लिहून ठेवलंय. तीन महिन्यांत त्याने तिन्ही पायऱ्या ओलांडल्या: एन्टर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन.

आणि आपल्या मातीतला दाखला हवा असेल तर लेखक रडयार्ड किपलिंग. जन्म डिसेंबर १८६५, मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. एप्रिल १८८६ मध्ये लाहोरच्या होप अँड पर्सिव्हरन्स लॉजमध्ये दीक्षा. वय पुन्हा वीस! लॉजला चिटणीस हवा होता, म्हणून खास परवानगी काढली. म्हणजे ऑक्सफर्डला जी नेहमीची वाट होती ती लाहोरला नड म्हणून काढावी लागली. विद्यापीठाच्या लॉजचं वेगळेपण यातून नीट कळतं, असं मला वाटतं. पुढे किपलिंगने त्या लॉजबद्दल फार जिव्हाळ्याने लिहिलं. तिथे मुसलमान, हिंदू, शीख, ज्यू एका छपराखाली बसत, याचं त्याला अप्रूप होतं.

कोरा_कागद

सगळं वाचतोय. पण मला एक बोलू द्या, कारण इथे सगळे जरा भारावून गेलेत.

समता वगैरे ठीक. पण विद्यापीठात लॉज म्हणजे उद्याचे मंत्री, न्यायाधीश, बिशप, गव्हर्नर एकोणिसाव्या वर्षीच एकमेकांना बांधून घेतात. हा माणूस आपला, हे आयुष्यभरासाठी ठरून जातं. माझ्या स्वतःच्या पहिल्या नोकरीत मी हे भोगलंय. मेसनांचं नव्हतं, एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं होतं. बढतीची यादी त्यांच्या जेवणावळीत ठरायची आणि आम्ही बाहेरचे कामाला जुंपलेले. म्हणून मला दाराच्या रुंदीपेक्षा आत काय वाटलं जातं, हे महत्त्वाचं वाटतं.

आफ्रिकेत इंग्रजी साम्राज्य वाढवणारा सेसिल ऱ्होड्स याच लॉजचा. जून १८७७ मध्ये त्याची दीक्षा झाली आणि त्याच दिवसांत त्याने आपला तो कुप्रसिद्ध जाहीरनामा लिहिला: जगातला जास्तीत जास्त भूभाग इंग्रजांच्या हाती आणण्यासाठी एक गुप्त संघटना काढावी. ऱ्होड्सच्या डोक्यात ही कल्पना कुठून आली?

ओळंबा

कोरा_कागद, तुमचा राग समजतो, आणि जेवणावळीतल्या याद्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मी नाकारणार नाही. आपापल्यांना धरून राहण्याची खोड सगळ्या मंडळ्यांत असते आणि तरुण वयात एकत्र आलेल्यांच्यात जास्तच.

पण ऱ्होड्सचा दाखला उलटा वाचायला हवा. त्या मजकुरात त्याने लॉजबद्दल तक्रारच केली आहे. एवढी ताकदवान, पैसेवाली माणसं एकत्र जमतात आणि ज्याचा काही उद्देश नाही अशा विधींमध्ये वेळ घालवतात, याचं त्याला नवल वाटलं. ही मंडळी साम्राज्याचं काम करत नाहीत, म्हणून त्याला स्वतःची वेगळी संघटना हवी होती. लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायला बंदी असते, तो नियम पार अँडरसनने लिहिलेल्या ग्रँड लॉजच्या १७२३ च्या घटनेपासूनचा. ऱ्होड्सला अपोलो कमी पडलं ते यामुळे.

लॉजने साम्राज्याला हातभार लावला नाही असं मी म्हणत नाही. ऑक्सफर्डहून निघालेला तरुण अधिकारी लाहोरला, केपटाउनला, मुंबईला उतरला की पहिल्याच आठवड्यात त्याला ओळखीची सभा सापडायची. परक्या मुलखात घर मिळाल्यासारखं. ते घर कोणासाठी होतं, हाच तर धाग्याचा प्रश्न.

मांडवीकाठ

गोव्याहून एक छोटी भर. कॅथलिकांचं दार दोन्हीकडून बंद होतं. विद्यापीठाने ३९ कलमं लावली होती आणि लॉजच्या बाजूने आमच्याच चर्चने. पोपने १७३८ मध्येच कॅथलिकांना मेसन होण्यावर बंदी घातली. ती नंतर पुन्हा पुन्हा बजावली गेली, त्यातली एक ठळक वेळ १९८३ ची. माझ्या आजोबांना मुंबईत नोकरीच्या काळात एका सहकाऱ्याने लॉजमध्ये यायला सांगितलं होतं. माणूस त्यांना फार आवडायचा. ते पाद्रीबाबांना विचारायला गेले आणि उत्तर ऐकून परत आले. त्या मित्राशी त्यांची दोस्ती शेवटपर्यंत राहिली, हे मात्र सांगायला हवं.

गिरगावकर

दाराचाच विषय निघालाय तर माणेकजी करसेटजींची गोष्ट या धाग्यावर आलीच पाहिजे.

भायखळ्याचा खडा पारशी तुम्ही पाहिला असेल, उड्डाणपुलांच्या बेचक्यात उभा आहे तो. तो पुतळा करसेटजी माणेकजींचा, आणि तो उभारला त्यांच्या मुलाने, म्हणजे या माणेकजी करसेटजींनी. मुलींना इंग्रजी शिक्षण मिळावं म्हणून मुंबईत अलेक्झांड्रा स्कूल काढणारे तेच. या माणसाला मेसन व्हायचं होतं. धर्म कोणताही चालेल, हे घटनेत लिहिलेलंच होतं. पण मुंबईच्या गोऱ्या लॉजने त्यांना घेतलं नाही. लॉजमध्ये मतदान कसं होतं माहीत आहे ना? एक पेटी फिरते, पसंत असेल तर पांढरी गोटी, नापसंत असेल तर काळी. कोणी टाकली ते कळत नाही. घटनेत समता आणि हातात काळी गोटी.

माणेकजी विलायतेला गेले, तिथेही जमलं नाही. मग पॅरिसला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली. एक पारशी गृहस्थ आपल्याच शहरातल्या दारातून आत जायला पॅरिसपर्यंत वळसा घालतो, हे वाचून मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. शेवटी १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखाली रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे लॉज काढलं, ते हिंदी माणसांना घेण्यासाठीच. ते अजून चालू आहे. फोर्टात रॅव्हेलिन स्ट्रीटवर फ्रीमेसन्स हॉल आहे, स्टर्लिंग सिनेमाच्या जवळ.

म्हणून मला वाटतं, अपोलोला १८१८ मध्ये जी अडचण दिसली नाही ती १८४३ मध्ये मुंबईत उघडी पडली. ऑक्सफर्डला विद्यापीठच आधी चाळून देत होतं, त्यामुळे लॉजवर काळी गोटी टाकायची वेळच कमी आली. मुंबईत चाळणी नव्हती.

ओळंबा

गिरगावकर, तुमचं शेवटचं वाक्य मला सुचलं नव्हतं. धाग्याचा अर्धा प्रश्न तुम्ही सोडवलात.

गोदाकाठची

सगळ्यांचे प्रतिसाद मन लावून वाचले. पण धर्म झाला, वर्ण झाला, बायकांचं नाव अजून कोणी काढलेलं नाही. म्हणून लिहिते.

कॉर्नेलिया सोराबजी, जन्म आमच्या नाशिकचा, १८६६. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८८९ मध्ये ऑक्सफर्डला बायकांच्या सॉमरव्हिल कॉलेजात गेली आणि १८९२ मध्ये कायद्याच्या बीसीएल परीक्षेला बसली, तशी बसलेली ती पहिली बाई. परीक्षा दिली, पण पदवी नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० उजाडलं, आणि तिच्या हाती ती पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. ती ज्या रस्त्यांवरून चालत ग्रंथालयात जायची, त्याच रस्त्यांवरून तिच्याबरोबरचे वीस वर्षांचे मुलगे रेशमी मोजे घालून अपोलोच्या सभेला जात असतील. तिच्यासाठी दोन्ही दारांत पाटी एकच.

मेसनांमध्ये बायकांसाठी वेगळ्या वाटा निघाल्या, हेही नोंदवते. फ्रान्समध्ये १८९३ साली स्त्री-पुरुषांचं एकत्र लॉज निघालं आणि १९०२ मध्ये अ‍ॅनी बेझंटनी ते इंग्लंडात आणलं. १९०८ मध्ये इंग्लंडात निघालेली एक संघटना पुढे केवळ बायकांची झाली. पण अपोलो ज्या ग्रँड लॉजखाली येतं तिथे आजही फक्त पुरुष.

शेवंती

गोदाकाठची, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझी मुलगी यंदा कायद्याला आहे. तिला रात्री वाचून दाखवते.

जुनी_पानं

विद्यापीठाच्या बाकीच्या लॉजांबद्दल दोन ओळी. केंब्रिजला १८६१ मध्ये आयझॅक न्यूटन युनिव्हर्सिटी लॉज निघालं, क्रमांक ८५९. न्यूटन स्वतः मेसन असल्याचा काही पुरावा नाही. पण त्याचे प्रयोग लोकांना करून दाखवणारा देसाग्युलिए हा १७१९ मध्ये ग्रँड मास्टर झाला, आणि तो ऑक्सफर्डला शिकलेला आणि शिकवलेलाही. अमेरिकेत हार्वर्डचं लॉज १९२२ चं. २००५ पासून इंग्लंडच्या ग्रँड लॉजने विद्यापीठांसाठी योजनाच काढली आणि गावोगावच्या लॉजांनी विद्यार्थ्यांना घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी नमुना समोर ठेवला तो अपोलो आणि न्यूटन या दोघांचा. दोन लॉजांपुरती जी वयाची सवलत होती ती अशी सगळीकडे पसरली.

कोरा_कागद

गिरगावकर आणि गोदाकाठची, तुमच्या प्रतिसादांनी माझंही म्हणणं थोडं बदललं. आत काय वाटलं जातं हे मी विचारत होतो. पण माणेकजींना बहुधा वाटणीतलं काही नको होतं, त्यांना फक्त आत बसायचं होतं. ते मी लक्षात घेतलं नव्हतं.

ओळंबा, तुमचा पहिला प्रश्न मात्र राहिला. हत्यारं गळ्यात का?

ओळंबा

हो, ते राहिलंच.

लॉजमध्ये तीन मुख्य अधिकारी. मास्टरच्या गळ्यात गुण्या. सीनियर वॉर्डनच्या गळ्यात लेव्हल. ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात ओळंबा. गुण्या म्हणजे वागणं काटकोनात असावं, लेव्हल म्हणजे सगळे एका पातळीवर, ओळंबा म्हणजे माणूस सरळ उभा. सभेत दोन दगडही ठेवलेले असतात, एक खडबडीत आणि एक घडवून गुळगुळीत केलेला. नवा माणूस म्हणजे खडबडीत दगड. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

काल रात्री वडिलांना फोनवर हे सगळं सांगितलं. पदकांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ओळंबा धाकट्याला दिलाय ते बरोबर आहे. आमच्यातही नव्या पोराच्या हातात आधी ओळंबाच देतात. दोरी धरून गप उभं राहायचं, लटकन हलायचं थांबेपर्यंत श्वास धरून. भिंत कुठे बाहेर आली ते डोळ्याला दिसायला लागलं की मग थापी मिळते.

पुढे त्यांनी विचारलं, "आणि खरा गवंडी असंल तर घेत्यात का त्यास्नी?"

मी सांगितलं, आता घेतात. कोणीही अर्ज करू शकतो. १८१८ मध्ये अपोलोत विचारलं असतं तर विद्यापीठात नाव आहे का असं विचारलं असतं, आणि गवंड्याच्या पोराचं तिथे नाव असणं जवळजवळ अशक्यच होतं.

"मग शेड कुणाची होती रं आधी?" एवढंच म्हणाले आणि आईला फोन दिला.

गिरगावकर

ओळंबाशेठ, वडिलांना माझा नमस्कार सांगा. रविवारी राणीच्या बागेत जातोय, एडवर्डच्या पुतळ्याचे फोटो काढून इथे टाकतो. त्याच्या पोशाखावर मेसनाची काही खूण कोरली आहे का ते नीट बघून सांगेन.